स्वरावाचून अक्षर

मधल्या सुट्टीत मुले आपसांत काय बोलतात ते शिक्षकाने ऐकू नये, असा शाळेतला एक अलिखित संकेत आहे. गेल्या पावसाळ्यात तो आमच्या हातून मोडला. बाहेर सर कोसळत होती, मैदान पाण्याखाली होते आणि सातवीच्या मुलामुलींचा एक घोळका व्हरांड्यात आमच्या खोलीच्या दाराशीच ‘च’च्या भाषेत बोलत उभा होता.

ही भाषा आमच्या बहुतेक वाचकांनी लहानपणी बोललेली असेल. शब्दाच्या आरंभीचे व्यंजन उचलून शब्दाच्या शेवटी न्यावयाचे आणि त्याच्या रिकाम्या जागी ‘च’ बसवावयाचा. स्वराने मात्र आपली जागा सोडावयाची नाही. ‘मला’चे होते ‘चलाम’, ‘नाही’चे ‘चाहीन’, ‘पुस्तक’चे ‘चुस्तकप’. आरंभी जोडाक्षर असेल तर ते सबंधच उचलावयाचे. म्हणून ‘प्रकाश’चे ‘चकाशप्र’. नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, तरी पिढ्यान्‌पिढ्या ते पाळले जातात.

त्या दिवशी घोळक्यात भांडण जुंपले ते ‘गृहपाठ’ ह्या शब्दावरून. एक मुलगी म्हणाली, “चृहपाठग.” दुसरी म्हणाली, “छे, चुहपाठग्र!” त्यावर ‘उंदराचा पाठ’ म्हणून हशा पिकला, कारण आमच्या इंदुरात उंदरास चूहा म्हणतात हे पोराटोरांसही ठाऊक. इतक्यात एक मुलगा म्हणाला, “चिहपाठग्र.” आता हशाचा रोख बदलला. “अरे, हा तर हिंदी बोलतो!” असे कोणीतरी ओरडले आणि घंटा झाली.

प्रसंग एवढाच. पण त्यानंतर मराठीच्या तासाला त्या मुलाची वाचनाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “सर, घसा बसला आहे.” दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. घसा बसला नव्हता हे आम्हांस कळत होते. होळकरांच्या काळापासून ह्या शहरात मराठी घरे नांदत आली. त्यांपैकीच एका घरातला हा मुलगा. घरी मराठी, गल्लीत हिंदी, दोन्ही त्याच्या जिभेवर. एका अक्षराच्या उच्चारावरून त्याला आपल्याच शाळेत आपण परके आहोत असे वाटू लागावे, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. म्हणून त्या भांडणाचा निवाडा ह्या पानांवर करण्याचे आम्ही योजिले आहे.

निवाड्यापूर्वी अक्षर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मुलांना विचारावे तर ती वहीकडे बोट दाखवितात. ‘घरदार’ ह्या शब्दात अक्षरे किती? वही सांगते, चार. आता तोच शब्द बोलून पाहा आणि प्रत्येक झोक्याला एक टाळी वाजवा. टाळ्या दोनच पडतात: घर्-दार्. ‘मनातला’ लिहिताना चार अक्षरे, बोलताना तीन: म-नात्-ला. ‘रस्ता’ लिहिताना आपण ‘र’ आणि ‘स्ता’ असा तोडतो. जीभ मात्र रस्-ता असा तोडते. म्हणजे लेखणीचे अक्षर आणि कानाचे अक्षर ही एकच वस्तू नव्हे.

आपल्या पूर्वजांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. वेदपठण बिनचूक व्हावे म्हणून जे प्रातिशाख्य ग्रंथ रचले गेले, त्यांत अक्षराचा प्राण स्वर हा मानला असून व्यंजन हे त्या स्वराचे अंग मानले आहे. कोणते व्यंजन कोणत्या स्वराचे अंग, ह्याचेही नियम आहेत. जोडाक्षरातले पहिले व्यंजन मागच्या स्वराकडे जाते, हा त्यांपैकीच एक. वृत्तात जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू का होते, ह्याचे उत्तर तिथे आहे. ‘रस्ता’तला ‘र’ गुरू, कारण ‘स्’चा भार त्याच्यावर पडतो. उलट ‘तुम्ही’ म्हणताना तो भार ‘तु’वर पडत नाही, म्हणून मराठी कवी त्यास लघूच धरतात. हा निर्णय लेखणीचा नव्हे, कानाचा आहे.

आता प्रश्न असा की, अक्षराच्या आसनावर नेहमी स्वरच बसतो काय? वर्गात गलका झाला म्हणजे आम्ही ओठांवर बोट ठेवून “श्श्!” म्हणतो. त्यात स्वर नाही. तरी चाळीस मुलांना तो ऐकू जातो आणि त्यांना त्याचा अर्थही समजतो. आजी जप करीत असताना तिला काही विचारले, तर ती ओठ न उघडता “ह्म्” म्हणून होकार देते. तिथेही स्वर नाही, नुसता ‘म्’ आहे. हे शब्द म्हणजे केवळ उद्गार, असे कोणी म्हणेल. पण इंग्रज माणूस ‘बटन’ हा शब्द उच्चारतो तेव्हा बहुधा ‘ट’नंतर स्वर घालीत नाही, शेवटचा ‘न्’ एकटाच दुसरे अक्षर होऊन बसतो. चेक भाषेत तर ‘व्ल्क्’ म्हणजे लांडगा, ‘प्र्स्त्’ म्हणजे बोट, ‘क्र्क्’ म्हणजे मान. ह्या संपूर्ण शब्दांत एकही स्वर नाही. ‘र्’ आणि ‘ल्’ हेच अक्षराचे आसन सांभाळतात. त्या देशातल्या बर्नो शहराच्या नावातही ‘ब्’ आणि ‘न्’ ह्यांच्यामध्ये एकटा ‘र्’ आहे. आपण त्याच्यापूर्वी ‘अ’ घालतो तो आपल्या सोयीसाठी. असे आसनस्थ झालेले व्यंजन, त्यास आपण आक्षरिक व्यंजन म्हणू.

वाचकहो, त्या ‘व्ल्क्’ची आणि आपली ओळख जुनी आहे. संस्कृतातला ‘वृक’ म्हणजेही लांडगा, आणि दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दाची संतती आहेत. ‘वृक’मधला ‘ऋ’ हाही मुळात आक्षरिक ‘र्’च. ह्या ध्वनीच्या पोटात ‘र’चा अंश आहे हे प्रातिशाख्यकारांनी जाणले होते; तरीही वर्णमालेत त्याचे स्थान व्यंजनांत नव्हे, ‘अ, इ, उ’ ह्यांच्या पंक्तीत ठेविले गेले. ‘ऌ’चेही तेच. तो बिचारा एकाच धातूच्या परिवारात आढळतो, आणि मराठीत ‘क्लृप्ती’ ह्या एका शब्दापुरताच उरला आहे. ह्या व्यवस्थेचे आम्हांस फार कौतुक वाटते. एखाद्या ध्वनीचा जन्म कोणत्या कुळात झाला ह्यावरून नव्हे, तर तो काम कोणते करतो ह्यावरून त्याची पंक्ती ठरविली गेली.

पुढे मात्र हा जुना ध्वनी बोलण्यातून नाहीसा झाला. प्राकृत भाषांत त्याच्या जागी कुठे ‘अ’, कुठे ‘इ’, कुठे ‘उ’ आला. ‘पृष्ठ’पासून मराठीत ‘पाठ’ झाली आणि हिंदीत ‘पीठ’ झाली. ‘शृंग’पासून आपले ‘शिंग’ आले. ‘पृच्छ्’पासून आपले ‘पुसणे’ आले. जे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे घेतले गेले, त्यांतला ‘ऋ’ मराठी, गुजराती आणि कन्नड माणूस ‘रु’सारखा म्हणू लागला, हिंदी आणि बंगाली माणूस ‘रि’सारखा. म्हणून बडोद्याच्या आणि बेळगावच्या मराठी मुलाला शेजारी आपल्यासारखाच ‘रु’ ऐकू येतो, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला ‘रि’. ह्यात मुलाचा गुण नाही आणि दोषही नाही. त्याचे घर कुठे आहे एवढेच त्यावरून कळते.

तेव्हा ‘ग्रुहपाठ’ शुद्ध आणि ‘ग्रिहपाठ’ अशुद्ध असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. मूळ उच्चाराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच दूर आहेत. ‘चुहपाठग्र’ म्हणणारी मुलगी आपल्या आजच्या मराठी उच्चाराशी प्रामाणिक होती. ‘चिहपाठग्र’ म्हणणारा मुलगा आपल्या गल्लीच्या उच्चाराशी प्रामाणिक होता. दोघांच्याही कानांनी ‘गृ’मध्ये ‘ग्र’ हे जोडाक्षर आणि त्यापुढे एक स्वर ऐकला, म्हणून दोघांनीही ‘ग्र’ शेवटी नेला. ‘चृहपाठग’ म्हणणाऱ्या मुलीने ‘ऋ’ हा स्वर मानला आणि ‘ग’ एकटाच उचलला. उत्तरे तीन झाली. पण नियम कोणीच मोडला नव्हता. ‘ऋ’ काय आहे हेच त्यांच्या भाषेने ठरविले नव्हते.

ही अडचण केवळ पोरांच्या भाषेची नव्हे. ज्या थोरांनी सबंध नव्या भाषा रचल्या त्यांच्यापुढेही ती उभी राहिली. फ्रान्सवा सूद्र (१७८७–१८६२) ह्या फ्रेंच संगीतशिक्षकाने ‘सोलरेसोल’ नावाची भाषा रचली, तिच्यात अक्षरे अवघी सात: दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. आपल्या सारेगमचीच ही युरोपीय भावंडे. सगळे शब्द ह्या सातांतूनच बनावयाचे. ‘मीसोल’ म्हणजे चांगले. तीच अक्षरे उलटी फिरविली की ‘सोलमी’, म्हणजे वाईट. इथे आक्षरिक व्यंजनाची भानगडच नाही. पण तोडणीची आहे. ‘दोरे’ म्हणजे मी. परंतु ‘दो’ म्हणजे नाही आणि ‘रे’ म्हणजे आणि. दोन शब्दांच्या मध्ये विसावा घेतला नाही, तर बोलणाऱ्याचा ‘मी’ ऐकणाऱ्याच्या कानी दुभंगून पोचावयाचा. मराठीतही ‘का तर’ आणि ‘कातर’ ह्यांत अंतर आहे ते एवढ्याशा विसाव्याचेच.

झामेनहोफ ह्या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सा येथे ‘एस्पेरांतो’ प्रसिद्ध केली. ज्या ब्यावीस्तोक गावी त्याचे बालपण गेले तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यहुदी लोक आपापल्या भाषा बोलत आणि परस्परांकडे संशयाने पाहत. भाषेवरून माणसाने माणसाला हसू नये, ही त्याची तळमळ होती. त्याने नियम अगदी सरळ केला: शब्दात जितके स्वर तितकी अक्षरे, आणि आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. व्यंजनास अक्षराचे आसन नाही म्हणजे नाही. शिकणाऱ्यास हे सुखाचे आहे. बोटे मोजावीत आणि आघात द्यावा.

तिसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. १९५५ साली अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन ह्यांनी तर्कशास्त्राच्या पायावर ‘लॉगलान’ नावाची भाषा रचावयास घेतली. तिच्यातून १९८७ साली ‘लोजबान’ ही निराळी भाषा निघाली. हिचे मूळ शब्द १,३०० हून अधिक आहेत, आणि ते घडविताना चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी ह्या सहा भाषांतील शब्दांचा मेळ घातला गेला. ह्या भाषेत ‘ल्, म्, न्, र्’ ह्या चार व्यंजनांना अक्षर होण्याची मुभा आहे. परंतु ती मुख्यतः विशेषनामांत आणि परभाषेतून घेतलेल्या शब्दांत. खाद्यवाचक शब्दाला ‘स्पागेती’ हे इटालियन खाद्याचे नाव जोडताना मध्ये सांधा म्हणून एकटा ‘र्’ घालतात आणि तो स्वतःच एक अक्षर होतो. मात्र आघात कुठे द्यावयाचा हे मोजताना त्या अक्षराची गणना करावयाची नाही! पंगतीला बसवावे, पण पाने मोजताना वगळावे, असा हा प्रकार.

हा नियम लहरीचा नव्हे. लोजबानमध्ये अर्थवाहक शब्दाचा आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, आणि शब्द कुठे संपला हे ऐकणारा त्या आघातावरूनच ओळखतो. आता एकाने त्या ‘र्’ला अक्षर म्हणून मोजले आणि दुसऱ्याने मोजले नाही, तर आघाताची जागा चुकेल, आणि एकाचा शब्द जिथे संपतो तिथे दुसऱ्याचा संपणार नाही. ह्यासाठी रचनाकारांनी ते आधीच ठरवून टाकले. इतकेच नव्हे, तर शब्दाच्या पोटात अक्षरे कुठे तुटतात ते दाखविण्याकरिता स्वल्पविराम घालण्याचीही सोय ठेविली. आमच्या व्हरांड्यात जे भांडण झाले, ते टाळण्याचाच हा उपाय होय.

इथे कोणी आम्हांस विचारील, “मग काय, ज्याला जसे वाटेल तसे त्याने बोलावे? शुद्धाशुद्धाचा विचारच सोडावा?” मुळीच नाही. लेखनात ‘गृहपाठ’ हा एकच आहे. तो इंदुरात, बडोद्यात, पणजीत आणि हैदराबादेत सारखाच लिहिला जातो, आणि ‘ग्रुहपाठ’ लिहिणाऱ्याची चूक आम्ही लाल शाईने दाखवीतच राहू. शिवाय वृत्तानेही ‘ऋ’ची आठवण जपली आहे. ‘विकृत’ आणि ‘विक्रय’ हे दोन शब्द घ्या. आजच्या बोलण्यात दोहोंतही ‘क’ला ‘र’ चिकटलेला ऐकू येतो. परंतु ‘कृ’ हे जोडाक्षर नव्हे. म्हणून ‘विकृत’मधील ‘वि’ लघू आणि सबंध शब्द तीन लघूंचा, म्हणजे न गण. ‘क्र’ हे जोडाक्षर आहे. म्हणून ‘विक्रय’मधील ‘वि’ गुरू आणि शब्द भ गणाचा. जीभ विसरली ते वृत्त विसरले नाही. ज्या मुलाला एवढा भेद समजला, तो ‘कृपा’ आणि ‘क्रूर’ लिहिताना सहसा अडखळणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. लेखनातली चूक दाखवावी, उच्चारातली वाट समजून घ्यावी, आणि हसू दोहोंनाही नये. आमच्याच एका विद्यार्थिनीने एका आंतरशालेय हिंदी वक्तृत्वस्पर्धेत ‘कृपा’चा उच्चार मराठी वळणाने केला, तेव्हा परीक्षकांनी तो दोष धरला, तिचे डोळे त्या दिवशी भरून आलेले आम्ही पाहिले आहेत. तिथे आम्हांस जे बोचले, तेच आपल्या व्हरांड्यात आपण दुसऱ्यास बोचवावे काय? सीमेवरच्या आणि परप्रांतातल्या मराठी शाळांनी तर ह्या बाबतीत अधिक जपावे. इथे मराठी टिकते ती मुले तोंड उघडतात म्हणून. उच्चारावरून एक तोंड मिटले, तर शुद्धतेचा जय झाला असे होत नाही. वाचणारा एक कमी झाला, एवढेच होते.

दुसरे म्हणणे शिक्षकबंधुभगिनींसाठी. मुले व्हरांड्यात जे व्याकरण आपण होऊन करतात, ते आपण वर्गात आणावे. टाळ्या वाजवून अक्षरे मोजू द्यावीत. कविता आधी म्हणू द्याव्यात, मग गण पाडू द्यावेत. ‘च’ची भाषा हा वेळेचा अपव्यय आहे असे पालकांस वाटत असेल; परंतु जी मुले तिच्यात ‘प्रकाश’चा ‘प्र’ न तोडता उचलतात, त्यांना अक्षराच्या घडणीचे ज्ञान आधीच असते. त्या ज्ञानाला नाव देणे एवढेच आपले काम.

चौथ्या दिवशी आम्ही फळ्यावर ‘चृहपाठग’, ‘चुहपाठग्र’ आणि ‘चिहपाठग्र’ हे तिन्ही शब्द लिहिले. वर्ग प्रथम चपापला, मग हसला. ह्या वेळचे हसू निराळे होते. ‘व्ल्क्’ आणि ‘वृक’ सांगितले, ‘पाठ’ आणि ‘पीठ’ सांगितले, आणि ‘विकृत’-‘विक्रय’ टाळ्यांवर म्हणून घेतले. नंतर मुलांनीच ठराव केला: ‘ऋ’ हा स्वर आहे, सबब ‘च’च्या भाषेत तो आपल्या जागी राहील आणि ‘चृहपाठग’ हेच रूप धरावे, मात्र त्यातला ‘चृ’ ज्याने त्याने आपापल्या घरच्या वळणाने म्हणावा. ठराव एकमताने संमत झाला.

तास संपत आला होता. आम्ही पुस्तक उघडून वाचण्यास कोण उभे राहते म्हणून विचारले. घसा बसलेल्या त्या मुलाने हात वर केला.